सात चांदांचा मुराळी

(बेळगावचं बसस्टँड. श्रावणातला रविवार, दुपारचा खेळ नुकताच सुटलाय. निपाणीच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसलेले भाऊ-बहीण; भाऊ इथल्या फौंड्रीत कामाला, घर निपाणीला.)

शामू: एवढा काय वाईट न्हवता गं आक्का.

आक्का: बोटीला दोरा दिसत हुता.

शामू: कुठल्या बोटीला?

आक्का: त्या आभाळातल्या. ह्या चांदावरनं त्या चांदावर जाती म्हणत्यात ती. वर दोरा बांधून लोंबकळत सोडलीया. तीस वर्सं बिडीला दोरा गुंडाळतीया मी, मला दोरा दिसणार न्हाय व्हय?

शामू: पयल्या चार भागांत न्हवता दिसत.

आक्का: पयले चार मी कुठं बघितल्यात? ते तू बघितलास. मी तुझ्या तोंडनं ऐकलं. आज जन्मात पयल्यांदा खुर्चीवर बसून बघितलं, तर ह्यो असला पिक्चर.

शामू: आता ह्यो पाचवा भाग पडंल आसं मला काय सपान पडलं हुतं? बाहत्तर सालापास्नं बघतोय मी सात चांद. एकबी भाग चुकवला न्हाय. तिसऱ्याला तर फौंड्रीत पाय भाजलेला, पट्टी बांधून गेलतो.

आक्का: आन् पत्र्याचा रवळू? तू सांगायचास, पत्र्याचा मानूस हाय, तुमच्या उद्यमबागेच्या फौंड्रीतल्या रवळूगत छाती काढून चालतोय, दहा जणांस्नी आडवा करतोय. ह्यात त्येला नाचाय लावलंय.

शामू: त्येचं मलाबी वाईट वाटलं.

आक्का: नाचताना कमरंतनं धूर काढत हुता मेला.

शामू: आन् ती लोखंडाची भिंत, आठवती? कप्तान टेकला तर हालली. मी साचे करतोय, मला लोखंड कळतंय. थर्माकोल हुता त्यो. शेवटचा स्फोट तर तिसऱ्या भागातलाच उचलून लावलाय. मी वळखला. डाव्या अंगाला एक चाक उडतंय, तेच चाक.

आक्का: मग एवढा वाईट न्हवता म्हणून कशाला म्हणतोस?

शामू: तुझं तोंड बघवंना म्हणून म्हटलो.

आक्का: माझ्या तोंडाचं ऱ्हाऊ दे. उद्या कारखान्यात बसल्यावर बायका माझ्या तोंडाकडंच बघणार हैत. काल माझ्या आजच्या वाटणीच्या हजार बिड्या सगळ्यांनी मिळून वळल्यात, ठावं हाय न्हवं? कुणी पन्नास, कुणी साठ. जयाबाईनं एकटीनं दीडशे. म्हणाली, "शेवंता, तू जाऊन डोळ्यानं बघून ये, आन् कप्तानाची बहीण घरला आली का तेवढं सांग."

शामू: हं.

आक्का: हं काय? सहा वर्सं झाली. चौथ्या भागात ती सहाव्या चांदावर अडकली, दरवाजा बंद झाला, कप्तानाची बोट निघून आली. तू काय सांगितलास आम्हांस्नी? "कप्तान सांगून आलाय, नागपंचमीला न्यायला येतो म्हणून." सहा पंचम्या बायका इचारत्यात मला, आला का गं नवा भाग? आणली का तिला? आन् आज बघते तर तिचं नाव न्हाय. अडीच तासांत एकदाच तिचा फोटो काढला त्यानं खिशातनं, बघितला, आन् मग त्या सोनेरी केसाच्या बाईसंगं खिदळाय लागला!

शामू: इंग्रजीत काय तरी बोलला की फोटोकडं बघून. आपल्याला काय कळतंय.

आक्का: बोललेलं कळलं न्हाय, पन दिसलेलं कळलं. फोटो बघितल्यावर मागचं दावलं न्हवं थोडं? त्यात त्यानं तिचा मुका घेतला. तोंडावर.

शामू: ...व्हय.

आक्का: शामू, बहिणीचा असा मुका घेत्यात?

शामू: पयल्या भागातबी घेतलेला.

आक्का: आन् तू आम्हांस्नी सांगितला न्हाईस?

शामू: मला वाटलं, गोऱ्या लोकांत बहिणीलाबी घेत आसतील.

आक्का: अरं देवा.

शामू: हासू नको. मुद्दाम न्हाय केलो मी. तूच बघ, इंग्रजी एक अक्षर कळत न्हाय. पडद्यावर काय दिसलं? एक बाई लोखंडाच्या वाड्यात कोंडलीया. वाड्याचा मालक, तो भोपळतोंड्या, तिच्यावर वराडतोय. आन् एक मानूस आपलं घरदार सोडून, सात चांद वलांडून तिला न्यायला चाललाय. कोण आसंल त्यो? भाऊच की! नवरा आसंल आसं कसं येईल डोस्क्यात? नवऱ्याच्याच घरातनं तर आणायचं आसतंय बाईला.

आक्का: म्हंजे भोपळतोंड्या तिचा नवरा, हे तू ठरवलास.

शामू: मला तसंच दिसलं.

आक्का: आन् कप्तान मुराळी, माहेरी न्यायला आलेला.

शामू: व्हय.

आक्का: बारा-चौदा वर्सं निपाणीच्या चाळीस बायका मुराळ्याची गोष्ट म्हणून ऐकत बसल्यात रं. सोनेरी केसाची बाई आली तवा मला वाटलं, ही वैनी आसंल. बरं झालं, म्हटलं, बहिणीला आणायला दोघं जातील.

शामू: उद्या सांग की, आणलं म्हणून. कुणाला कळतंय? भोपळतोंड्याला आडवा केला, रवळूनं दरवाजा फोडला, बहिणीला बोटीत बसवून आणली. मी सांगू का कसं ते?

आक्का: न्हाय. तू सांगत हुतास ते तुला खरं वाटत हुतं. मी आता डोळ्यानं बघून आलीया. जयाबाईच्या तोंडावर लबाड न्हाय बोलणार मी.

शामू: पिक्चरच हाय गं शेवटी.

आक्का: पिक्चर हाय म्हणूनच एवढं लागलं. खऱ्यात कुणी येत न्हाय हे बायकांस्नी ठावं हाय... निपाणीची गाडी कवा हाय?

शामू: साडेतीनला. चा सांगू?

आक्का: नको. तुझ्या मालूचं पत्र आलंय म्हणं.

शामू: तुला कुणी सांगितलं?

आक्का: सोनूबाईनं. पोरीच्या आईला ऱ्हवतंय व्हय सांगितल्याबिगर? "बाबा, पंचमीला न्यायला येणार न्हवं?" आसं लिवलंय म्हणाली. लग्नानंतरची पयली पंचमी हाय पोरीची. सोनूबाईनं तंबिटाचं पीठ दळून ठेवलंय लाडवाला. परवा पंचमी, आन् तू हितं माझ्यासंगं पिक्चर बघतोस.

शामू: नंदगडची मान्सं न्हाय म्हणाली. भाताची भांगलण चाललीया, तण माजलंय, सुनंला सोडणार न्हाय म्हणाली.

आक्का: तू गेलतास कवा?

शामू: निरोप आला.

आक्का: कुणासंगं?

शामू: आला कुणासंगं तरी.

आक्का: शामू. हिकडं बघ. कुणासंगं?

शामू: ...न्हाय आला. मीच म्हटलं, भांगलणीचं दीस हैत, न्हायच म्हणतील. व्याही लई तापट हाय. चार लोकांत अपमान केला, तर मागनं पोरीलाच त्रास.

आक्का: म्हंजे इचारलासच न्हाईस.

शामू: तिला भाऊ आसता तर गेला आसता.

आक्का: भाऊ नसला तर बाप जातोय. आन् भाऊ आसला म्हणून जातोयच आसं कुठं हाय?

शामू: बोल. बोलून टाक एकदा.

आक्का: मला काय बोलायचं न्हाय. गळतग्याला सासरी तीन पंचम्या काढल्या मी, एवढंच म्हणते. दुसऱ्या सुना झोक्यावर बसायला माहेरी गेल्या की त्यांची भांडीबी मीच घासायची. आबांनी एकदा तुला धाडला हुता म्हणं. सासूनं दारातनं घालवून दिला, मला कळूबी दिलं न्हाय. त्यात तुझा काय दोष?

शामू: घालवून न्हाय दिला.

आक्का: काय?

शामू: मी दारापर्यंत आलोच न्हाय, आक्का.

आक्का: मग कुठवर आलास?

शामू: आईनं लाडवांचं गठूळं दिलेलं, ते घेऊन निघालो. गावाजवळ आलो. हिरीवर तू पाणी वडत हुतीस. किती वाळलीस ते बघितलो. कळशी खाली ठेवलीस आन् पदर तोंडाला लावून रडाय लागलीस. एकटीच. मला काय करावं कळंना. तसाच मागं फिरलो. घरात सांगितलो, पाठवत न्हाईत म्हणत्यात. आबा म्हणाले, मग परत जायला नको, आपली किंमत जाती. माझ्या एका लबाडीपायी पुढं कुणीच आलं न्हाय तुला न्यायला.

आक्का: किती वर्सांचा हुतास?

शामू: अठरा.

आक्का: अठरा म्हंजे काय लहान न्हवं.

शामू: न्हाय. घोडा हुतो.

आक्का: लाडवांचं काय केलास?

शामू: बांधावर बसून खाल्लो. रडत रडत. समदे.

आक्का: समदे? बारा लाडू?

शामू: घरला परत कसे नेऊ?

आक्का: मेल्या.

शामू: शिव्या दे. आणि दे.

आक्का: तवाच दिल्या सगळ्या. हिरीवर रोज दिल्या, तुला, आबांस्नी, समद्यांस्नी. चवथ्या पंचमीला माझी मी चालत माहेरी आले तवा संपल्या त्या. आज नव्या कुठनं आणू? राग आलाय, आला न्हाय आसं न्हाय. निपाणीला जाऊस्तोवर बोलले नसते तुझ्यासंगं. पन माझं आता काय हाय? झालं ते झालं. ती पोरगी आज उंबऱ्यात उभी हाय. रस्त्यावर यष्टी थांबली की मान वर करून बघत आसंल. मी तसंच बघत हुते.

शामू: आक्का...

आक्का: नंदगडची गाडी कुठं लागती?

शामू: आठ नंबरला. ती काय, लागलीया. पाटी कन्नडात हाय.

आक्का: मग ऊठ.

शामू: आज? आसंच? मोकळ्या हातानं?

आक्का: कोपऱ्यावरनं अर्धा किलो कुंदा घे. बेळगावात उभा ऱ्हाऊन मोकळ्या हाताचं रडगाणं सांगतोस. आन् वाटंत खाऊ नको.

शामू: तू एकटी जाशील निपाणीला?

आक्का: आभाळात चाललीया काय मी? यष्टीत बसायचं, निपाणीत उतरायचं. सोनूबाईला सांगते, लाडू वळायला घे, लेक येती.

शामू: आन् व्याही न्हाय म्हणाला तर?

आक्का: म्हणू दे की. दारात उभा ऱ्हाऊन बोलू नको. आत जा, जोत्यावर बस, पाणी माग. भांगलण हाय म्हणला तर सांग, उद्या सकाळी मीबी भांगलायला येतो, संध्याकाळी लेकीला घेऊन जातो. येती न्हवं भांगलण? का तीबी इसरलास?

शामू: येती की. उद्या फौंड्रीत पन खाडा पडंल.

आक्का: पडू दे. तिसऱ्या भागाला पडला हुता न्हवं?

शामू: आन् तू बायकांस्नी काय सांगणार?

आक्का: जे बघितलं ते. पिक्चर भिकार हाय, बोटीला दोरा हाय, आन् कप्तान बहिणीला इसरला. शिव्या घालतील दोन दीस. जयाबाई तर लई घालंल.

शामू: मलाबी घालतील. मुराळी म्हणून सांगितलो म्हणून.

आक्का: तुला कशाला? चार भाग चांगलं सांगितलास की. तू सांगायचास तवा मला वाटायचं, कोण तरी माझ्याच वाटंला लागलंय, एवढे चांद वलांडून. हात बिडीवर आसायचा आन् डोळ्यातनं पाणी. ते काय खोटं न्हवतं... जा आता. कंडक्टर वर चढला बघ.

शामू: जातो. उद्या संध्याकाळी येतो. मालूला घिऊनच येतो.

आक्का: आन् ऐक.

शामू: आता काय?

आक्का: तुला दारात बघितल्यावर पोरगी रडंल, शामू. रडू दे. तू थांब.