पारशिवनीहून, क्लचविना

"हॅलो?… हाव, गॅरेजच आहे. मी विश्वनाथ बोलतो… कुठून? पारशिवनी? द्या बाई, जोडून द्या… हॅलो, प्रेमा?… हळू बोल वं, काही समजून नाही राहिलं."

पारशिवनीला विश्वनाथची धाकटी बहीण प्रेमिला दिली होती. एरवी तिचा ट्रंककॉल आला की आधी भाच्यांची चौकशी व्हायची, मग वहिनीची, आणि कामाचं बोलणं निघेपर्यंत वेळ संपायचा. आज तिनं कोणाचंच नाव घेतलं नाही. नागपूरच्या आपल्या गॅरेजात विश्वनाथनं हातातला पाना बाकड्यावर ठेवला आणि समोर धडधडणारं इंजिन बंद करायची खूण केली.

"काय झालं?… वसंतरावांचा?… थ्रेशरमध्ये?… कोणता हात?"

डावा. तिचा नवरा वसंता गव्हाची मळणी करत होता, बाही पट्ट्यात सापडली, आणि यंत्र थांबेपर्यंत कोपराखाली काही धड राहिलं नव्हतं. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दंड आवळून बांधला होता. पण रक्त पुरतं थांबत नव्हतं आणि त्यांच्याजवळ पुढचं काही साधन नव्हतं. नागपूरला न्या, वाट पाहत बसू नका, एवढं सांगून त्यांनी हात टेकले होते. दवाखान्याची जीप लसीच्या कामाला दूर गेलेली. एस्टी निघून गेलेली. उरली होती ती वसंताची स्वतःचीच गाडी.

ती गाडी विश्वनाथच्या हाताखालून गेली होती. वसंताला शर्यतींचा नाद. दोघा मेहुण्यांनी मिळून तिचं इंजिन उघडलं, मोठे कार्ब्युरेटर चढवले, आणि वाढलेली ताकद क्लचवरून घसरून जाऊ नये म्हणून त्यात कडक स्प्रिंगा घातल्या. तेव्हापासून तिचं क्लचचं पेडल एवढं जड झालं होतं की दाबताना वसंताच्याही मांडीला गोळा यायचा. प्रेमिला गाडी चालवायला लग्नाआधी याच गॅरेजात शिकली होती, पण या गाडीच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. आज शेतातून दवाखान्यापर्यंत तिनं ती कशीबशी आणली. तिथून नागपूरला म्हणून निघाली, तर पोस्टाच्या दारात पेडल खाली गेलं ते गेलंच. वसंता मागच्या सीटवर पडून होता. त्याचं डोकं त्याच्या आईच्या, अंजनाबाईंच्या मांडीवर होतं.

"वर नाही येत? पायानं उचललं तरी?… अगं, ऐक ना. एकदा गाडीखाली वाकून पाह… हाव, जा, मी थांबतो… ओलं हाये?… ते ऑइल हाये प्रेमा. क्लच त्याच्या जोरावर चालते. सील फाटलं… नाही, वरून टाकून फायदा नाही. टाकशील तेवढं गळंल."

इथून टॅक्सी पाठवायची तर जाऊन येईपर्यंत दुप्पट वेळ, आणि रक्ताला तेवढा वेळ नव्हता. पलीकडे ती रडत होती. तिला रडताना त्यानं लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

"प्रेमा, आयक. क्लचशिवाय गाडी चालते… चालते म्हणतो ना. वसंतरावांनीच चालवली हाये, शर्यतीत, याच गाडीत… अगं, तुटू दे वं. गिअरबॉक्स लोखंडाचा हाये, दुसरा आणू."

मग त्यानं तिला सांगायला घेतलं. शिकवताना तो पूर्वी ओरडायचा. आज आवाज चढू दिला नाही. इंजिन बंद असतानाच पहिला गिअर टाकायचा. ॲक्सिलरेटरवर थोडा पाय ठेवून किल्ली फिरवायची. गाडी बेडकासारखी उडी मारेल, मारू द्यायची, किल्ली सोडायची नाही. इंजिन लागलं की ती आपली चालू पडते.

"आता दुसरा. पाय उचल, गिअर मोकळा कर, अन् थांब… नाही, लगेच नाही टाकायचा. इंजिनाचा आवाज खाली येऊ दे. आला की दोन बोटानं ढकल. जोर नाही लावायचा. त्याची वेळ आली की तो आपसूक जाते… हाव, तिसराही तसाच. तिसरा पडला की मग नागपूरपर्यंत हात नको लावू… फाटक? खापरखेड्याकडे लागलं तर ब्रेक दाब अन् किल्ली बंद कर. उघडलं की पुन्हा पहिल्यापासून… बाई, लाइन कापू नका, दवाखान्याची गोष्ट हाये… हॅलो? प्रेमा? आता तू म्हणून दाखव मले."

तिनं म्हणून दाखवलं. गिअर मोकळा केल्यावर थांबायचं ती विसरली. त्यानं तेवढंच पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा म्हटलं, आणि मग तिनं विचारलं ते गाडीचं नव्हतं.

"हात?… मी डॉक्टर नाही, पोरी… नाही, खोटं नाही सांगत तुले. मले माहीत नाही. आधी माणूस वाचवू."

गिअर टाकायचा तो डावाच हात. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"मी इकडून टॅक्सी घेऊन येतो त्याच रस्त्यानं. मधात जिथं भेटशील तिथं त्याईले टॅक्सीत घेऊ. मी दिसलो नाही तर थांबू नको, येतच राय… जा आता. फोन ठेवू नको, रुपरावजीले दे."

रुपराव तिथले पोस्टमास्तर. विश्वनाथनं त्यांना रिसीव्हर खिडकीशी धरायला सांगितलं आणि आपला कानाला घट्ट दाबला.

बराच वेळ नुसती खरखर. मग गाडीचं दार लागलं. स्टार्टर कण्हला आणि बंद पडला. विश्वनाथनं डोळे मिटले. पुन्हा कण्हला, अंजनाबाई काहीतरी ओरडल्या, आणि इंजिन लागलं. त्या इंजिनाचा आवाज त्याला शंभरात ओळखू आला असता. पहिल्या गिअरमध्ये ते किंचाळत वर वर गेलं, एकदम खाली आलं. आता काहीच नव्हतं. गिअर मोकळा करून ती थांबली होती. मग बारीकशी करकर झाली आणि दुसरा पडला.

त्या दिवशी कोराडीच्या पुढे त्याला समोरून ती लाल गाडी येताना दिसणार होती. वसंता जगणार होता. हात कोपरापासून काढावा लागणार होता, आणि ते त्याला सांगायचं काम प्रेमिला भावावर न टाकता स्वतः करणार होती. पण हे सगळं अजून रस्त्यावर होतं. आत्ता फक्त लांब जाणारा आवाज होता, तो आणखी एकदा खाली आला, आणि या वेळी करकर झाली नाही.

"रुपरावजी?… हाव, ऐकलं मी. तिसरा… नाही गा, बरा हाये मी… उपकार झाले तुमचे. जयभीम… ठेवतो आता. ती निघाली, मले निघू द्या."