रिकाम्या ट्रॉलीचे दिवे

दि. २० ऑक्टोबर १९८४

मी, सौ. मंदाकिनी हिंदुराव शितोळे, वय ३९, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार लोणी काळभोर, ता. हवेली. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब लिहून देते की,

मंगळवारी आमच्याकडे ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांचे दोन बल्ब, एक होल्डर व वायर आली. एकूण साडेसतरा रुपये. सामान रियाज शमशुद्दीन शेख, गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे, यांनी दुकानातून पाठवले. त्यांना बोलावून ट्रॉली दाखवू या, असे मी म्हटले. माझे पती म्हणाले, "फिटर घरी आला की नवा बिघाड बरोबर घेऊन येतो." बल्ब त्यांनी स्वतःच बसवले.

दिवे खंडेनवमीपासून बंद होते. त्या दिवशी पूजेआधी ट्रॉली मी रंगवली होती. ट्रॅक्टरच्या हुकात अडकते ती पुढची लोखंडी कडीसुद्धा ऑइलपेंटने रंगवली. पुजायची वस्तू अर्धवट रंगवलेली बरी दिसत नाही.

बल्ब बसवले तेव्हा ट्रॉलीत विटा भरलेल्या होत्या. पती ब्रेकवर पाय देत होते, मी मागे उभी राहून "लागला", "विझला" असे सांगत होते. दोन्ही दिवे चांगले लागले.

काल दुपारी पती विटा उतरवायला हडपसरला गेले. मी सांजवात लावत होते तेव्हा रियाजभाई जुना होल्डर न्यायला आले.

"वहिनी, दिवे भरल्या ट्रॉलीवर पाहिले का रिकाम्या?"

"भरल्या."

"आणि कडी रंगवलीय?"

मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मग जुने बल्ब चांगलेच होते. मीच न बघता पाठवले. करंट तारेनं मागं जातो, पण परत येतो तो कडीच्या लोखंडातनं. भरली ट्रॉली कडी दाबून धरते. रिकामी झाली की कडी खुळखुळते, रंग मधी येतो, दिवे जातात. पुढचे चालू असतात, त्यामुळं चालवणाऱ्याला कळत नाही."

तोपर्यंत अंधार पडू लागला होता. मी बॅटरी घेतली व त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. यापूर्वी मी परक्या माणसाच्या गाडीवर बसलेली नाही. "धरून बसा," एवढेच ते वाटेत बोलले. मी रामरक्षा म्हणत होते. ती पुढे जात नव्हती.

मांजरी फाट्याच्या अलीकडे आमचा ट्रॅक्टर समोरून येताना दिसला. समोरचे दोन्ही दिवे लख्ख होते. मी बॅटरी हलवून "थांबा" असे ओरडले. पतींनी मला ओळखले व ब्रेक दाबला. ट्रॉलीच्या मागे एका स्कूटरचा दिवा येत होता. ट्रॉली थांबली आणि तो दिसेनासा झाला.

पती उतरून म्हणाले, "तू इथं कशी? घरी सगळे बरे आहेत ना?" त्यांना ट्रॅक्टरच्या आवाजात काही ऐकू आले नव्हते.

ती स्कूटर ट्रॉलीवर मागून आदळली होती. जखमी इसमाचे नाव अनंत आहे, हे नंतर कळले. मी त्यांचे डोके मांडीवर घेतले. "अहो, दिवा का नाही लावलात?" असे त्यांनी मला विचारले. त्यानंतर ते बोलले नाहीत. एका ट्रकवाल्याने त्यांना इस्पितळात नेले.

हवालदार आल्यावर त्यांच्यासमोर रियाजभाईंनी कडीचा रंग पान्ह्याने खरवडला. दोन्ही दिवे लागले.

पती आपणहून थांबले नाहीत, मी थांबवले. हे मला कोणी पढवलेले नाही. रियाजभाईंविरुद्ध माझी तक्रार नाही. पती कालपासून इथे बाकावर बसून आहेत, डबा तसाच परत दिला आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला. मी बोलले तसाच उतरला आहे.

सही : मंदाकिनी हि. शितोळे

ता. क. इस्पितळात जखमींच्या घरचे आम्हाला जवळ येऊ देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. आमचा पत्ता घातलेले पोस्टकार्ड सोबत दिले आहे. त्यांना शुद्ध आली का, एवढे ठाण्यातून परतीच्या टपालाने कळवावे. आली नसेल तरी कळवावे.