ही कानस त्यांची नव्हे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि कारखान्याचे व्यवस्थापक, व्यासपीठावरचे विभागप्रमुख, ज्यांच्या डब्यातलं खाऊन मी मोठी झाले ते फिटिंग विभागातले सगळे काका, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई आणि इथे वेळ काढून आलेली सर्व मंडळी, तुम्हाला माझा नमस्कार.

हा समारंभ माझ्या बाबांच्या निवृत्तीचा. तारीख त्यांनीच ठरवली होती. गेल्या महिन्यात पहिल्या पाळीला निघताना ते बूट घालायला बसले आणि उठले नाहीत. मग समारंभाचं काय करायचं, असं तुम्ही आईला विचारायला आलात. आई म्हणाली, "त्यांनी ठरवलंय ना? मग राहू दे. ठरलेलं बदललं की ते दिवसभर कुरकुरतात." त्यामुळे आज निरोप आहे, पण निरोप घेणारा माणूस नाही. त्यांच्या खुर्चीवर त्यांचा ॲप्रन ठेवला आहे. बोलताना भरून आलं तर पाण्याचा ग्लास डाव्या हाताला आहे, असं सूत्रसंचालकांनी मला दोनदा सांगितलं. त्यांची मी आभारी आहे. तशी वेळ येईलसं वाटत नाही. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, कशी आहेस? मी म्हणते, बरी आहे. आणि खरोखर बरीच असते, त्याला मी काय करू?

पाहुण्यांपैकी काहींना या विभागाची रीत माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते. इथे निवृत्त होणाऱ्याला शाल देतात, ती सगळीकडेच देतात. पण फिटिंगमधल्या माणसाला एक सुरीही मिळते. ती त्याच्या स्वतःच्या, लोखंड घासून घासून झिजलेल्या कानशीतून घडवलेली असते. कानशीचं पोलाद इतकं कडक असतं की खाली पडली तरी तुकडा उडतो. म्हणून आधी ती भट्टीत लाल करून राखेत पुरायची, म्हणजे सावकाश निवते आणि मऊ होते. मग तिला सुरीचा आकार द्यायचा, पुन्हा तापवून तेलात बुडवायचं, आणि शेवटी थोडी शेकून तिचा ताठा उतरवायचा. आम्ही तेलात बुडवतो, तरी त्याला म्हणतात पाणी देणंच. या विभागातल्या सगळ्या सुऱ्या बाबांनी आमच्या घरामागच्या शेडमध्ये घडवल्या. मूठही तेच बसवायचे.

एक गोष्ट मात्र ते मुद्दाम अपुरी ठेवायचे. सुरीच्या पाठीवर कानशीचे दाते तसेच राहू द्यायचे. का? कारण प्रत्येकाची कानस वेगळी झिजते. कोणी मध्यावर जोर देतो, कोणी टोकावर, डावखुऱ्याची एका अंगाने बसते. सुरी हातात घेतली की अंगठ्याला आपली कानस कळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आमचे तपासनीस काका, ज्यांना तुम्ही सगळे अर्धा मिलिमीटर म्हणता आणि ज्यांना ते माहीत आहे, निवृत्त झाले तेव्हा त्यांनी सुरीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मास्तर, एवढी वाकडी कानस मी आयुष्यभर मारली?" बाबा म्हणाले, "काम सरळ आलं ना? मग आता कशाला तपासता?"

आणि मग ॲप्रन. निवृत्त होणारा आपल्या ॲप्रनची नाडी त्या नव्या सुरीने कापतो. तो सुरीचा पहिला काप. ज्याने सुरी घडवली त्याने नाडी ताणून धरायची. बाबांनी सगळ्यांच्या नाड्या धरल्या. त्यांची कोण धरणार, यावरून जेवणाच्या सुट्टीत चेष्टा चालायची असं ऐकते. हत्यारांचं भांडार सांभाळणारे आमचे भांडारकाका म्हणायचे, "मास्तर, तुमची नाडी आम्ही खुंटीला बांधू."

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येते.

बाबा गेल्यावर शेडमध्ये व्हाइसच्या पकडीत एक पातं लावलेलं सापडलं. आकार पूर्ण झालेला, पाणी द्यायचं राहिलेलं. स्वतःची सुरी ते स्वतःच करत होते. भांडारकाका ते पाहून म्हणाले, "पोरी, एवढं तू पुरं कर. दुसरं कोण करणार?" मी हो म्हटलं. या कामाची पहिली शाळा मला घरातच मिळाली. पाटीवर अक्षरं काढण्याआधी मी त्या शेडमध्ये स्टुलावर उभी राहून लोखंडाचा तुकडा घासत होते. पुढे जाताना दाबायचं, मागे येताना उचलायचं. बाबा मागून म्हणायचे, "सगळी कानस वापर गं. पुढचं टोकच काय कुरतडत बसतेस? मागचे दाते काय शोभेला दिलेत?" पण पूर्ण कानस ढकलली की हात घसरेल, अशी मला भीती. मी टोकानेच घासत राहिले. ती सवय अजून पुरती गेलेली नाही.

पात्याला पाणी देण्याआधी मी पाठीवरून अंगठा फिरवला. मुठीकडचे दाते नव्यासारखे टोचले. टोकाकडे पार गुळगुळीत.

बाबांची कानस अशी नव्हती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी झिजलेली. मी वर पाहिलं. माझ्या कानशीच्या खिळ्यावर एक कानस टांगलेली होती. मूठ माझी, लहान, हिरव्या रंगाची. कानस बाबांची.

म्हणजे त्यांनी माझी कानस काढून तिची आपली सुरी घडवायला घेतली होती, आणि आपली कानस माझ्या मुठीत बसवून माझ्या खिळ्यावर ठेवली होती. मला काही बोलले नव्हते. भांडारकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "हां, मी म्हटलं होतं त्यांना, मास्तर, रीत म्हणजे रीत, आपली कानस द्या. तर म्हणाले, माझी अजून चालते. चालती कानस भट्टीत कोण घालतं?"

इथे पंचाईत झाली. विभागाने ही सुरी काचेच्या पेटीत ठेवायचं ठरवलं होतं. पेटीखालची पट्टी रंगवूनही झाली होती: 'मास्तरांच्या स्वतःच्या कानशीची सुरी.' मी भांडारकाकांना म्हटलं, हे खरं नाही. ते म्हणाले, "अगं, त्यांच्याच घरातली ना? कशाला बोलतेस? कोणाला कळणार आहे?"

शेजारी तपासनीस काका बसले होते. ते म्हणाले, "मला कळेल."

"तुम्हाला कोणी विचारलंय?"

"माझ्या सुरीच्या पाठीवर माझी वाकडी कानस आहे. मास्तरांच्या पाठीवर दुसऱ्याची असली तर पट्टीवर तसं लिहा. आता हे ती सांगते की मी सांगू?"

म्हणून मी सांगते आहे. ही कानस त्यांची नव्हे, माझी आहे. अध्यक्ष महोदयांना माझी विनंती आहे की ती पट्टी बदलावी. आणि आणखी एक. पेटीही नको. आईला मी विचारलं, तुला ही काचेत हवी का? ती म्हणाली, "काचेत ठेवून काय करू, रोज पुसू? कापत असेल तर घरी आण."

कापत असेल तर. खरा प्रश्न तोच होता, आणि अजूनही तोच आहे.

पाणी मीच दिलं. पातं लाल झालं, लोहचुंबक धरेना झालं, तेव्हा तेलात सोडलं. तडा गेला नाही, वाकलं नाही. मग शेकायचं राहिलं. यात चूक व्हायला फार वाव असतो. कमी शेकलं तर काचेसारखं फुटतं, जास्त शेकलं तर धार टिकत नाही. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर रंग सरकत येतो, फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. पिवळा आणि तपकिरी यांच्या मधल्या रंगाला आई बिस्किटाचा रंग म्हणते, तिथेच थांबायचं. एरवी मी रंगाबरोबर हात जवळ नेऊन ऊबही पाहते. गेल्या महिन्यापासून माझ्या हाताला गरम-गार धड कळत नाही. चहाचा कप धरून ठेवते आणि आई ओरडते, "अगं, भाजतंय ना?" तेव्हा समजतं. त्यामुळे हाताचा भरवसा नव्हता. मी आईला बोलावून शेजारी उभं केलं. ती पदराला हात पुसत पाहत राहिली आणि म्हणाली, "झालं. काढ. याहून काळं बिस्कीट तुझ्या बाबांनी परत पाठवलं असतं."

मी काढलं. ते बरोबर होतं की नाही, मला माहीत नाही. पहिला काप ॲप्रनच्या नाडीचाच, अशी रीत असल्यामुळे मी ती कशावरही चालवून पाहिलेली नाही. कागदावरसुद्धा नाही. न कापणारी सुरी बाबांनी कधी कोणाला दिली नाही. त्यांची स्वतःचीच तशी निघाली, तर ती माझ्या हाताने निघेल, आणि तुम्हा सगळ्यांसमोर निघेल.

म्हणून आभार आधी मानते, नंतर राहून जातील. अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुणे लांबून आले, भांडारकाका पट्टीवरून रागावले तरी खुर्च्या त्यांनीच लावल्या, तपासनीस काकांनी मला माझं भाषण मोजून दिलं नाही, या सगळ्यांची मी ऋणी आहे.

आता नाडी. जो निवृत्त होतो त्याने कापायची, घडवणाऱ्याने धरायची. आज दोन्ही जागा रिकाम्या आहेत, आणि सुरी थोडी त्यांची, थोडी माझी. रंग आईने पाहिला, म्हणजे घडवणाऱ्यांत तीही आली. आई, वर ये. सावकाश, पायरी आहे. हे टोक धर. ताण. अजून थोडी.

कापली.

हाताला काही लागलंच नाही. नाडी होती की नव्हती, तेही कळलं नाही.

माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते माझ्या पदरी घाला, सुरीकडे बोट दाखवू नका. सुरी चांगली आहे.

आई, सोड आता. कापली गेली.