रतिलालभाऊंनी पास केलेला झोका

नाही हो, तुम्हीच सांगा, झोका म्हणजे असतं तरी काय? वर फांदी, खाली फळी, मधे दोर! संपला विषय! यात तपासायचं काय? पण नाही... आमच्या समोर रतिलालभाऊ राहतात ना! वरणगावच्या फॅक्टरीत तीस वर्षं तपासणी खात्यात होते, रिटायर झाले, जळगावात घर बांधलं, आणि आता दिसेल ते तपासतात. दूधवाल्याचं माप, गणपतीचा मंडप, लग्नातली खुर्ची... मागे माझं फाटक तपासलं, तेव्हापासून ते लागत नाही!

तर तुम्हाला सांगतो, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी ऋतिकाचा फोन आला. ऋतिका म्हणजे माझी मुलगी, धुळ्याला दिलीय. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं! पण मागच्या आखाजीला ही आलीच नाही. "आई नाही, तर कशाला येऊ पप्पा?" म्हणाली. 'बरं' म्हटलं. यंदा स्वतःच विचारते, "येऊ का? पण झोका बांधाल?" बांधाल म्हणजे! फोन ठेवला तेव्हा माझ्या एका पायात चप्पल होती! कारण मला पक्कं माहीत होतं, ती आली आणि झोका नसला, तर पुढच्या वर्षी यायची नाही. सुट्टी नाही म्हणेल, गाडी मिळाली नाही म्हणेल... पण यायची नाही.

बांधला! दारातल्या निंबाला, चांगला जाड दोर, चांगली फळी. गाठ मारतोय तोवर मागून आवाज, "थांबा! टेस्टिंग झाल्याशिवाय बसायचं नाही!"

रतिलालभाऊ! हातात टेप, कानावर पेन्सिल, काखेत रजिस्टर! "फांदीचा घेर किती?" मी म्हटलं, "भाऊ, फांदी आहे, घेर आहे, बस ना." "असं चालत नाही. आमच्याकडे बसणाऱ्याच्या चौपट वजनाला माल पास व्हायचा. मुलीचं वजन किती?" आता लग्न झालेल्या मुलीला बापाने फोन करून वजन विचारायचं? विचारलं! "काय पप्पा!" म्हणाली आणि फोन कट!

मग वर्षाचे गहू भरलेले होते घरात, त्यातलं एक पोतं काढून झोक्यावर ठेवलं. पास. दुसरं ठेवलं. पास. मी दोन पोती गव्हांना झोके देतोय, येणारेजाणारे बघताहेत... "तुम्ही पोत्यांना काय झोके देऊन राहिले?" पारावर पत्ते कुटणारी मंडळी डाव मोडून आली. सगळे मान हलवताहेत, एकाने तर टाळी वाजवली!

मी म्हटलं, झालं. "कुठे झालं?" रतिलालभाऊ म्हणतात, "हे मेलेलं वजन. जिवंत वजन पाहिजे." जिवंत वजन म्हणजे आमच्या शेजारचा लोटन. यावलहून केळीच्या गाड्या भरतो. एकशे आठ किलो! आधी रुसला, "भाऊ, मी काय गहूनं पोतं शे का?" मग बसला. एक झोका घेतला, दोन घेतले... आणि उतरेना! मी म्हणतो, "लोटन, झालं रे." डोळे मिटून म्हणतो, "टेस्टिंग चालू शे!" वर कैरीचं पन्हं मागितलं! दिलं! दुसरा पेला मागितला! तोही दिला!

तेवढ्यात पलीकडच्या कुंदाबाई आल्या. "का हो, झोका पोत्यांसाठी आहे का? बायकांचं टेस्टिंग कोणी केलं?" बरोबर भजनी मंडळाच्या अकरा जणी! रतिलालभाऊंनी रजिस्टर उघडलं. नाव? वजन? कुंदाबाई म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस." रतिलालभाऊंनी वर फांदीकडे पाहिलं, खाली कुंदाबाईंकडे पाहिलं. "अक्का, फांदी खोटं बोलत नाही." चार दिवस बोलत नव्हत्या त्यांच्याशी! पण झोक्यावर रोज येत होत्या. गाणी काय, फुगड्या काय, माझ्या ओट्यावर पापड भाजणं काय... झोक्याच्या रांगेत तेवीस नंबर झाले होते हो! आणि मालक कोण? मी! एकाने तरी विचारलं का, तुम्ही बसता का म्हणून? मी बसणार नव्हतो म्हणा. आमच्याकडे मी झोका द्यायचो. बसणारी वेगळी होती.

असो.

आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लोटन म्हणतो, "भाऊ, शेवटनं टेस्टिंग." मी नाही म्हणेपर्यंत बसलासुद्धा! कड्डाड्! फळीचे दोन तुकडे, लोटन खाली, हातातलं पन्हं रतिलालभाऊंच्या रजिस्टरवर! आणि रतिलालभाऊंच्या तोंडावर काय आनंद! "बघा! टेस्टिंग केलं नसतं तर?" मी म्हटलं, "टेस्टिंग केलं नसतं तर तुटलीच नसती!"

सकाळी धुळ्याची गाडी येणार. दुकानं बंद झालेली. काय करता? आत गेलो. माळ्यावर ऋतिकाच्या आईचा, सुनंदाचा, सागवानी पाट होता, दोन वर्षं काढला नव्हता. काढला, पुसला, आणला. रतिलालभाऊंनी टेप काढला, "नवीन पाट, म्हणजे पहिल्यापासून टेस्टिंग..."

तुम्हाला सांगतो, जन्मात ओरडलो नव्हतो, तेव्हा ओरडलो! "या पाटाचं टेस्टिंग सत्तावीस वर्षं झालंय! ती रोज यावर बसून जेवायची!"

कुंदाबाईंनी पदर डोळ्याला लावला. रतिलालभाऊंनी टेप गुंडाळला, पाट उलटा करून पाहिला आणि हळूच म्हणाले, "पायांमुळे दोर सरकणार नाही. माल चांगला आहे." आणि दोर त्यांनी स्वतः बांधला.

सकाळी ऋतिका आली. पिशवी ओट्यावर टाकली, झोक्याकडे गेली. पाट बघितला, त्यावरून हात फिरवला. बसली. तेवीस माणसांची रांग बाजूला झाली हो, लोटनसुद्धा! "पप्पा, झोका द्या ना." मी पुढे झालो, हात लावणार, तोच...

"थांबा! झोका देणाऱ्याचं टेस्टिंग झालंय का?"

आता यावर माणसाने काय करावं? ऋतिका इतकी हसली, इतकी हसली, की मी मुकाट्याने वजन सांगितलं आणि रतिलालभाऊंच्या देखरेखीखाली तीन झोके देऊन दाखवले! पास झालो. पण शेरा काय मारलाय, त्या पन्ह्याचा डाग पडलेल्या पानावर? 'हात थोडे थरथरतात. पुढच्या आखाजीला फेरतपासणी.' आणि ही झोक्यावरूनच ओरडते, "हाव काका! तपासणीला मी येते!"

म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा गव्हाची पोती ओढा, पुन्हा लोटनला पन्हं पाजा, पुन्हा अक्कांचे अठ्ठेचाळीस किलो लिहून घ्या... आणि आमच्याच दारात, आमच्याच निंबाखाली, आम्हीच रांगेत उभे! करता काय? टेस्टिंग झाल्याशिवाय बसायचं नाही!