पाट्याची जागा
सत्त्याण्णवच्या मे महिन्यात कोपरखैरण्याच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात जागृती आपला नंबर लागायची वाट बघत होती. पुढच्या बाकड्यावर गावठाणातल्या सुमित्राबाई आणि त्यांची तरुण भाडेकरू बसल्या होत्या. त्यांचं बोलणं कानावर पडलं, आणि जागृतीने हातातला पेपर मिटला.

"पाट्यावरच्या वाटनाची चव या मिक्सरला यायची नाय."

"काकी, पाटा-वरवंटा मी गावीच टाकून आले. आता बटण दाबलं की काम झालं."

"म्हनून इथं बसलीस."

"आजच नेमका बिघडला. रविवारी आमच्याकडे नणंदेच्या मुलीचं बारसं आहे."

"बारसा हाय? मंग पाळन्यात पोरीच्या आधी काय निजवशील? मिक्सरचा भांडा?"

"अगबाई, वरवंटा लागतो की."

"भांड्याला कुंची नको, झाकन हायेच."

"हसू नका हो. सासूबाई सगळ्यांसमोर वरवंटा मागतील. तुमचा द्या ना एक दिवस."

"देते की. पन माजा वरवंटा एकटा कुठं जात नाय. पाटा पन न्यायचा, आनि रविवारचा वाटन त्याच्यावरच करायचा."

"वन रूम किचन आहे, काकी. पाटा ठेवू कुठे?"

"मिक्सर ठेवतेस ना, तिथं."