बू फवाझच्या नावाची पाणपोई

लुलवा : ओरडू नकोस, फवाझ. तुझी आई बहिरी नाही झाली अजून.

फवाझ : यम्मा, बादली कुठंय ते सांग आधी! एसीच्या नळीखालची निळी बादली. काल काठोकाठ भरली होती.

लुलवा : ओतली.

फवाझ : कुठे?

लुलवा : कुठे म्हणजे? माशांच्या टाकीत. पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

फवाझ : एसीचं पाणी? समुद्री माशांच्या टाकीत?

लुलवा : मग! थेंब थेंब पडलेलं, स्वच्छ, फुकटचं. ना मीठ ना क्षार. "शुद्ध पाणी, शुद्ध पाणी" करून महिनाभर माझं डोकं कोण खात होतं? घे शुद्ध पाणी.

फवाझ : अगं, एसीच्या आत तांब्याच्या नळ्या असतात! तांबं, धूळ, बुरशी, सगळं धुऊन त्या बादलीत येतं. फरशी पुसायला ठेवली होती मी ती. ये, बघ इकडे. कोळंबी उताणी पडलीय. समुद्रफूल आवळून बसलंय.

लुलवा : मासे तर पोहतायत.

फवाझ : किती वेळ पोहतील? ते दोघं त्या फुलातच राहतात. बाबांनी स्वतः बुडी मारून आणलेली जोडी आहे ही. चौदा वर्षं सांभाळली त्यांनी, आणि तू एका बादलीत आटोपलंस!

लुलवा : तोंड सांभाळून बोल! बिघडलं असेल पाणी तर बदल.

फवाझ : कशाने बदलू? मीठ आहे घरात पोतंभर. त्यात कालवायला गोडं पाणी कुठंय? चार कॅन लागतील, आणि आत्ता लागतील.

लुलवा : कोपऱ्यावरच्या पाण्याच्या दुकानातून आण.

फवाझ : शुक्रवार आहे आज. दुपारच्या नमाजानंतर उघडेल ते.

लुलवा : नळाचं घे.

फवाझ : नळाचं? तुझ्या चहाच्या किटलीत पांढरा थर कशाचा साचतो? ते घातलं की आठवड्यात टाकी हिरवीगार.

लुलवा : मग समुद्र काय आटला? तुझा बाप बादलीने आणायचा.

फवाझ : तेव्हा गल्लीच्या टोकाला समुद्र होता, यम्मा. आता भराव आहे. त्याच्यापुढे बोटींचं तेल.

लुलवा : बाटल्या आण विकतच्या.

फवाझ : दोन महिने पगार नाही, आणि माशांना बाटल्या? त्यातही वरून क्षार घातलेले असतात. एकच जागा आहे, आणि ती तुलाही माहीत आहे.

लुलवा : नाव काढू नकोस.

फवाझ : दाराबाहेर आहे. वीस पावलांवर.

लुलवा : पाणपोईला हात लावायचा नाही! काल सांगितलं, आज सांगते. लोक पहाटे उठून देवाचं नाव घेतात आणि माझा लेक चोरासारखा पाणपोईतून कॅन भरतो! काल दहा वाजता तो सिराजुल आला डांबराच्या भट्टीवरून. तोटी पिळतोय, थेंब नाही. 'बू फवाझ', फवाझचा बाप, असं लिहिलेल्या तुझ्या बापाच्या पाटीखाली भोवळ येऊन पडला तो. मी जाऊन तोंडावर पाणी मारलं त्याच्या, आणि तुझे भरलेले कॅन तिथेच वाटून टाकले.

फवाझ : मला काय माहीत असं होईल म्हणून?

लुलवा : तुला कधी काय माहीत असतं?

फवाझ : आणि तुला? ते पाणी गाळायचं यंत्र आणलं कुणी? बाबांनी. कशासाठी? या माशांसाठी! त्यांना जाऊन चाळीस दिवस झाले नव्हते, तू प्लंबर बोलावलास, स्वयंपाकघरातून ते उपटलंस आणि नेऊन लावलंस रस्त्यावर. मला एका शब्दाने विचारलंस?

लुलवा : गेलेल्या माणसाला तहानलेल्याच्या घोटातून पुण्य पोचतं. माशांच्या टाकीतून नाही पोचत.

फवाझ : वा! त्यांचं पाणी गावाला आणि त्यांच्या माशांना एसीची घाण!

लुलवा : घाण म्हणून नव्हती रे ओतली.

फवाझ : मग कशाला ओतलीस?

लुलवा : काल तू न जेवता झोपलास. मी बसले इथे, त्यांच्या खुर्चीत. पाणी खाली गेलेलं दिसलं. म्हटलं, सकाळी उठून बघेल तर टाकी भरलेली असेल, राग जाईल पोराचा. मला मेलीला काय ठाऊक तांबं न बिंबं!

फवाझ : थांब, कोळंबी हलतेय का बघू दे.

लुलवा : बोल ना. मरणार का सगळं?

फवाझ : तासाभरात निम्मं पाणी बदललं तर वाचेल बहुतेक.

लुलवा : पाणपोईत किती असेल?

फवाझ : चार कॅन. रात्रभर थेंब थेंब गाळून तेवढंच साठतं.

लुलवा : म्हणजे सगळंच. आणि बाहेर सात माणसं डांबर टाकतायत.

फवाझ : तू हो म्हण फक्त.

लुलवा : मी कोण हो म्हणणार? एकदा वाटायला काढलं की ते ना माझं ना तुझं. त्यांना विचार.

फवाझ : त्यांना? काय म्हणू? तुमचं पाणी माशांना द्या? जोड्याने मारतील.

लुलवा : मारू देत. चोरताना लाज वाटली नाही, मागताना वाटते? सरक, खिडकी उघडू दे. सिराजुल! ए सिराजुल!

(खाली रस्त्यावर फावड्यांचा आवाज थांबतो.)

सिराजुल : जी, हज्जा?

लुलवा : हा माझा मुलगा. काल तुमचं पाणी यानेच नेलं.

फवाझ : यम्मा!

लुलवा : बोल आता.

फवाझ : सिराजुलभाई, चूक झाली माझी. घरात मासे आहेत, मरायला टेकलेत. चार कॅन पाणी हवंय. पाणपोई रिकामी होईल. तुम्ही नाही म्हणालात तर थेंब घेणार नाही.

सिराजुल : मासे खायचे, भाई?

फवाझ : नाही. पाळलेले. माझ्या वडिलांचे. पाटीवर नाव आहे ना, त्यांचे.

सिराजुल : घ्या मग, भाई. आम्ही खोलीवरूनच बाटल्या भरून आणल्यात. या नळाचा भरवसा नाही राहिला आता.

लुलवा : ऐकलंस?

फवाझ : ऐकलं.

लुलवा : बाबाचं नाव आहे त्या नळावर, आणि भरवसा नाही म्हणाला तो.

फवाझ : ऐकलं म्हटलं ना, यम्मा.

लुलवा : मग कॅन उचल. आणि उद्याही पहाटेच ऊठ. त्यांच्याआधी खाली जायचं, तोटी सोडून बघायची, पाणी आलं की मगच वर यायचं. रोज.

फवाझ : बरं. तू कुठे निघालीस? फ्रीज रिकामा कशाला करतेस?

लुलवा : गार बाटल्या नेतेय खाली. पाणपोई भरेपर्यंत मीच उभी राहते तिथे. तुझं ते फूल उघडलं की खिडकीतून हाक मार.