भिजलेले चार प्लग

मी : बाबांनी सांगितलं होतं हो, दादा. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात. ‘गार गाडी चालू करून लगेच बंद करायची नाही. तापमानाचा काटा अर्ध्यावर येऊ दे, मग बंद कर.’ मी हसले होते. म्हटलं, गाडी आहे की बाळंतीण?

मेकॅनिक : बाबा म्हणजे वडील?

मी : सासरे. तीस वर्षं त्यांनीच जपलीय ही.

मेकॅनिक : जरा सरका, ताई. प्लग काढतोय. हे बघा, चारही पेट्रोलनं चिंब. धरा.

मी : शी! काय घाण वास! आता या हातांनी बाळाला कशी घेऊ?

मेकॅनिक : साबणानं दोनदा धुवा, मग घ्या. ह्या इंजिनात पिस्टन नसतात, तिकोनी रोटर गरगरतो. त्याच्या कडांना तेल असेल तरच आत दाब धरतो. गार असताना पेट्रोल जास्त येतं. तेवढ्यात बंद केली की ते आत साचतं, तेल धुऊन टाकतं. मग बसा स्टार्टर मारत.

मी : बसले होते ना बाबा, काल सकाळी. अर्धा तास. बॅटरी उतरली.

मेकॅनिक : पण तीस वर्षं जपणारा माणूस असं करेल? तेलाचा जुना डाग तिकडे भिंतीशी, गाडी इथे. कुणीतरी दोन हात पुढे घेऊन बंद केलीय. ...ताई?

मी : बाबागाडी भिंत आणि गाडीच्या मध्ये अडकली होती. बाळ किंचाळत होतं. परवा संध्याकाळी. दहा सेकंद चालू केली असेल.

मेकॅनिक : मग सांगायचं की घरात!

मी : काल बॅटरी उतरली तेव्हा सांगणारच होते. तेवढ्यात नवरा म्हणाला, ‘बाबा, तुमच्या काही लक्षात राहत नाही आता. गेल्या आठवड्यात दूध उतू गेलं, आज इंजिन.’ चावी काढून घेतली. आज चारला कुणीतरी गाडी विकत घ्यायला येतंय.

मेकॅनिक : मग ही चावी?

मी : त्याच्या शर्टाच्या खिशातून उचलली.

मेकॅनिक : आणि म्हातारबाबा काय म्हणाले?

मी : ‘असेल रे. मीच विसरलो असेन.’ माफी मागितली त्यांनी, माझ्यादेखत. आणि मी बाळाची बाटली धूत उभी राहिले. धुतलेलीच बाटली. कालपासून स्वतःची किळस येतेय, दादा.

मेकॅनिक : मागे व्हा. माझी बॅटरी जोडलीय, पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढलाय, ठिणगीही तोडलीय. आतलं सगळं बाहेर येऊ दे.

(स्टार्टर घरघरतो. प्लगच्या भोकांतून पेट्रोलचे फवारे उडतात.)

मी : ई! ओकतेय नुसती.

मेकॅनिक : ओकली की बरं वाटतं. आता आत थोडं तेल, कोरडे प्लग, फ्यूज परत. झालं. बोलवा त्यांना.

मी : बाबा! या ना, चालू करा.

बाबा : नको गं. पुन्हा काहीतरी विसरेन.

मी : तुम्ही विसरला नव्हतात. मी हलवली होती गाडी. बाबागाडी काढायला.

बाबा : आणि लगेच बंद केलीस?

मी : हो.

बाबा : काल मी माफी मागत होतो, तेव्हा तू तिथेच होतीस.

मी : हो, बाबा.

बाबा : शी. अगं, कालपासून घरातल्या प्रत्येक नळावर चिठ्ठी चिकटवतोय मी. ‘बंद कर’ म्हणून.

मी : त्या मी काढते. त्या माणसाला येऊ नका म्हणून फोन करते. आणि नवऱ्याला तुमच्यासमोर सांगते.

बाबा : आधी हात धू. सरक, बसू दे मला.

मेकॅनिक : धूर येईल पांढरा, घाबरू नका... घेतली! घेतली!

बाबा : बंद करू नका कुणी. काटा अर्ध्यावर येऊ दे.

मेकॅनिक : आमच्या वडिलांची स्कूटर मी काढून घेतली गेल्या वर्षी. फाटकाला ठोकली होती.

मी : त्यांनीच?

मेकॅनिक : दुसरं कोण... म्हणजे, माझी मुलगीही तेव्हा तीच स्कूटर चालवायला शिकत होती. पण विचारलं नाही कधी कुणाला.

मी : मग दादा, इथून आधी घरी जा. त्यांनी कुठे चिठ्ठ्या चिकटवल्यात का, तेवढं बघून या.